थोरली, धाकटी आणि स्वेटरवाले सर

मे महिन्यात लोकरीचा स्वेटर घालून सायकलवर हिंडणारा माणूस अख्ख्या औरंगाबादेत एकच होता, आणि माझ्या पहिल्या नोकरीत नेमका तोच माझा साहेब निघाला. मशीनच्या खोलीत एसी चालायचा, म्हणून स्वेटर. बाहेर आलं की काढायचा, आत जाताना पुन्हा चढवायचा, हा उद्योग दिवसातून वीस वेळा कोण करणार, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते सकाळी घरूनच स्वेटर घालून निघत आणि संध्याकाळी घरी जाऊन काढत. कँटीनमध्ये आम्ही सगळे घामानं निथळत असायचो आणि हे आपले गळ्यापर्यंत बटणं लावून पिठलं-भाकरी खात बसलेले. आम्ही पोरं मागून हसायचो. त्यांना ते माहीत होतं. एकदा मला म्हणाले, खुशाल हस, पण खोलीचं दार लावून हस, थंडी बाहेर जाते.

त्यांचं नाव खरं तर इथं लिहायला पाहिजे. स्वतःचं नाव सांगायची त्यांना भारी हौस होती. टेलिफोन उचलला की स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव, तालुका एवढं सांगून झाल्यावर मग "बोला". पलीकडचा माणूस तोवर फोन कशाला केला तेच विसरायचा. मुंबईहून मोठ्या साहेबांचा फोन यायचा, त्यांनाही तालुका ऐकावा लागायचा. पण हे लिहायला बसण्याआधी मी त्यांच्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, जरूर लिहा, पण नाव नको. आता सरांच्या हाताखाली काम केलेल्या माणसानं एकदा विचारलं म्हटल्यावर आलेलं उत्तर मानावंच लागतं. म्हणून नुसतं सर.

आमची कंपनी औषधांची. कचेरी शहरात, स्टेशनच्या बाजूला, आणि कारखाना पैठण रोडवर चितेगावात. त्या वर्षांत जिकडं बघावं तिकडं नवी शेड उभी राहत होती आणि काल ज्वारी खुडणारा माणूस आज गेटवर कार्ड टोचत होता. दोन्हीकडं एकेक मोठं मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, होतं आणि त्यांच्यामध्ये टेलिफोनची लाइन. शहरातल्या मशीनला सरांनी नाव दिलं होतं थोरली, चितेगावच्या मशीनला धाकटी. लाइन जोडली की एक डबा किंचाळल्यासारखा आवाज करायचा, आणि मग शहरात खुर्चीवर बसल्या बसल्या धाकटीत शिरता यायचं. तिथली फाइल बघता यायची, तिला काम लावता यायचं, आणि एक ओळ टाइप केली तर वीस किलोमीटरवरून तिला बंदसुद्धा करता यायचं. हे मला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी बघतच राहिलो. मी बिडकीनच्या धनगराच्या घरचा. आमच्यात एक मेंढरू वळवायचं तरी त्याच्यामागं पळावं लागतं.

ती एक ओळ टाइप करायला मात्र सर सहजी देत नसत. आधी धाकटीवर कोण कोण बसलंय त्यांची नावं पडद्यावर काढायची. मग त्या सगळ्यांच्या पडद्यावर निरोप पाठवायचा. हा निरोप सरांनी स्वतः रचला होता, इंग्रजी अक्षरांत पण मराठीत: नमस्कार, दहा मिनिटांनी मशीन बंद होईल, हातातलं काम जपून ठेवा, काही अडचण असल्यास कळवा. एवढ्यानं भागायचं नाही. फोन लावून एकेकाला तोंडानं विचारायचं. पॅकिंग विभागात एक बाई होत्या, नुकत्या टायपिंग शिकलेल्या, एका बोटानं एक अक्षर शोधायच्या. त्यांच्या चार ओळी राहिल्या म्हणून एकदा सगळं अडलं. मॅनेजर डोक्यावर उभे, म्हणाले, अहो, एक बटण दाबायचं तर मुहूर्त कसला बघताय? सर जागचे हलले नाहीत. बाईंचा फोन येईपर्यंत हाताची घडी घालून बसले. मग मॅनेजर गेल्यावर मला म्हणाले,

"आपण इथं ओळ मारायची आणि तिथं त्या बाईच्या बोटाखालचं अक्षर पुसून जायचं. कोणी पुसलं हेसुद्धा तिला कळायचं नाही. हे काम आपल्याला जमतं म्हणून करायचं नसतं."

दुसरा नियम याहून विचित्र. बंद करण्याआधी मशीनला तिचं नाव विचारायचं. तसा एक शब्द असतो, तो टाइप केला की मशीन स्वतःचं नाव सांगते. पडद्यावर दोन्ही मशीनी सारख्याच दिसतात, त्यामुळं आपण थोरलीत आहोत की लाइनवरून धाकटीत शिरलोय, हे बघून कळत नाही. सर म्हणायचे, विचार तिला, तू कोण? आणि उत्तर आलं की ते मोठ्यानं म्हण. मी बावीस वर्षांचा, डिप्लोमा पहिल्या वर्गात पास झालेला. रिकाम्या खोलीत "धाकटी" असं मोठ्यानं म्हणायला मला कमालीचा संकोच वाटायचा. सर बाहेर गेले की मी हा नियम खुंटीला टांगून ठेवायचो.

आणि तिसरी गोष्ट नियम नव्हती, नुसतं बोलणं होतं, पण ते दर आठवड्याला एकदा तरी ऐकावं लागायचं. बंद लांबून करता येतं, चालू करायला जावं लागतं. हे मशीनीपुरतं शंभर टक्के खरं होतं. धाकटी एकदा झोपली की तिला लाइनवरून उठवता यायचं नाही. चितेगावला जाऊन, खोलीचं कुलूप काढून, मागची कळ हातानं वर करावी लागायची. पण सर ते मशीनीपुरतं बोलत नाहीत हे मला फार उशिरा कळलं. विद्यापीठाच्या नामांतराच्या पहिल्या दंगलीत सरांची गावाकडची बौद्धवस्ती जाळली होती. लोक शहरात निघून आले. सर तेव्हा शहरात नोकरीलाच होते, सुरक्षित होते. ते मात्र उलटे गावाकडं गेले, काळ्या पडलेल्या भिंतींच्या मधे चूल मांडून आठ दिवस राहिले, रोज सकाळी पाटलाच्या ओट्यासमोरून चालत जाऊन रामराम घालत राहिले. ही हकिकत त्यांनी मला एकदाच सांगितली, तीसुद्धा प्रिंटरचा कागद बदलता बदलता.

आता त्या दिवसाचं सांगतो. त्यात माझी लाज आहे, पण सांगितलीच पाहिजे.

विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं की नाही, हा वाद मी शाळेत होतो तेव्हापासून पेटलेला होता, आणि त्या दिवसांत तो पुन्हा तापला होता. एका बाजूचा मोर्चा, दुसऱ्या बाजूचा बंद, असं चाललेलं. कंपनीत तेव्हा चौऱ्याऐंशी हंगामी कामगारांना कायम करायचं घाटत होतं. तीन वर्षं ही माणसं आज काढ उद्या घे अशी राबत होती. कोणाची हजेरी किती दिवस भरली त्याची यादी धाकटीवर तयार व्हायची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी कामगार अधिकाऱ्यांसमोर बैठक. यादी टेबलावर आली तर सह्या, आणि नाही आली तर पुढचं पुढच्या वर्षी, असं कंपनीनं आधीच सांगून ठेवलेलं. यादी येऊ नये असं वाटणारी माणसं वरच्या खुर्च्यांवर होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि नेमका आदल्या दिवशी बंद. कारखान्यात वॉचमन सोडून कोणी नाही, शहरात रस्त्यावर चिटपाखरू नाही. सर सायकलवर आणि मी पायी, असे कचेरीत आलो. मी लाइन जोडली, धाकटीत शिरलो. यादी तयार होती. आता ती लाइनवरून ओढून घ्यायची आणि इथं छापायची, एवढंच राहिलं होतं. तेवढ्यात लाइट गेली. थोरली बॅटरीवर गेली आणि बॅटरी टुक टुक करायला लागली. सर जनरेटर बघायला खाली धावले आणि जिन्यातून ओरडले, थोरली बंद कर. मी ती ओळ टाइप केली.

नाव विचारलं नाही.

पडद्यावर निरोप आला: नमस्कार, धाकटी बंद होत आहे. मी डोळे फाडून बघतोय तोवर लाइन तुटली. मी धाकटीतच बसून होतो आणि तिलाच झोपवलं होतं. माझ्या पाचावर धारण बसली. थोरली बंद केली आणि जिन्यात जाऊन सरांना सांगितलं. वाटलं, आता हा माणूस एकदाचा भडकेल. ते स्वेटरला हात पुसत एवढंच म्हणाले, नाव विचारलं नाहीस. मग मॅनेजरच्या घरी फोन लावला, नाव-गाव-तालुका सांगितला आणि वॉचमनकडून खोलीचं कुलूप तोडून घ्यायची परवानगी मागितली. पलीकडून उत्तर आलं, कुलपाला कोणी हात लावायचा नाही, एवढी कसली घाई आहे, परवा बघू. त्या आवाजात आनंद होता. सरांनी फोन ठेवला आणि खिशातून खोलीची किल्ली काढून बघितली.

"चल," म्हणाले. "चालू करायला जावं लागतं."

कचेरीच्या वॉचमनची सायकल मी घेतली, सरांनी त्यांची. पैठण रोड रिकामा, वर ऊन मी म्हणत होतं. सर पन्नाशी ओलांडलेले, पण पायडल मारायची एकच चाल, ना जास्त ना कमी. पुढं रस्ता अडवलाय असं एका माणसानं सांगितलं, कोणत्या बाजूच्या लोकांनी अडवलाय तेही सांगितलं. मी सरांना म्हणालो, सर, तुम्ही नाव नका सांगू, मीच बोलतो, कंपनीचे साहेब आहेत एवढंच म्हणतो. सर म्हणाले, मशीनला तू कोण म्हणून विचारलं तर ती खोटं सांगते का? मनातून मला त्यांचा रागच आला होता. जिवाशी खेळ आणि या माणसाला नियम सुचतायत.

चितेगावच्या अलीकडं दगड, काट्या, जळकं टायर टाकून पंधरा-वीस माणसं उभी होती. आणि त्यांच्यात पुढं माझे सख्खे चुलते, तात्या. मला बघून त्यांना नवल वाटलं, पण आधी त्यांनी सरांकडं बघितलं.

"नाव काय?"

सरांनी सायकल उभी केली आणि सांगितलं. स्वतःचं नाव, वडिलांचं, आडनाव, गाव, तालुका. टेलिफोनवर सांगत तसंच, त्याच आवाजात. आडनाव ऐकल्यावर सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. मग कोणीतरी स्वेटरवरून हसलं, म्हणालं, थंडी वाजती काय साहेबाला, बसवा जरा उन्हात. एकानं सरांच्या सायकलच्या पुढच्या चाकाचा व्हॉल्व काढून घेतला, चाक खाली बसलं. सरांना एका दगडावर बसवलं. बंद उठल्यावर जायचं, असा हुकूम झाला. माझ्याकडं बोट करून तात्या म्हणाले, हे आमच्या दादाचं पोरगं हाय, ह्याला जाऊ द्या.

तेव्हा मी एक वाक्य बोलायला पाहिजे होतं. तात्या, हे माझे साहेब आहेत. एवढंच. ते गळ्यापर्यंत आलं होतं. तात्या माझ्याकडं बघत उभे होते, सगळे बघत होते, आणि मी सायकलच्या हँडलकडं बघत राहिलो. सरांनी वाट बघितली असेल का? माहीत नाही. त्यांनी स्वेटरच्या खिशातून किल्ली काढून माझ्या हातात दिली.

"बंद तू केलंस, चालू तूच कर. जुनं मशीन आहे, वेळ लागतो. घाबरून कळ खाली-वर करू नकोस."

मी गेलो. मागं वळून बघायची हिंमत झाली नाही. कारखान्यात खोलीबाहेर चपला काढल्या, बघायला कोणी नव्हतं तरी काढल्या. कळ वर केली. धाकटी घरघरली आणि मग काहीच नाही, काळा पडदा. बारा मिनिटं मी देवाचं नाव घेत समोर बसलो. दोनदा कळीकडं हात गेला आणि दोनदा मागं घेतला. मग अक्षरं आली. मी पहिलं काम काय केलं असेल तर तिला विचारलं, तू कोण? आणि रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणालो, धाकटी. यादी शाबूत होती. तिथल्या छोट्या प्रिंटरवर छापली, नावं दोनदा मोजली, कागद शर्टाच्या आत पोटाशी धरला आणि निघालो.

परत आलो तोवर पोलिसांची गाडी येऊन गेली होती आणि रस्ता मोकळा झाला होता. सर एकटेच त्या दगडावर, स्वेटर अंगात, चष्मा मांडीवर. ओठ पांढरे पडलेले.

"चालू झालं?"

झालं, म्हणालो.

"नावं किती?"

चौऱ्याऐंशी, दोनदा मोजली. मग त्यांनी विचारलं, पाणी आणलंस का? मी पाणी आणलं नव्हतं. कारखान्यात थंड पाण्याचा कूलर होता, मी स्वतः त्यावर पोटभर प्यालो होतो, आणि या माणसासाठी एक बाटली भरून घ्यावी हे मला सुचलं नव्हतं. हे आठवलं की आजही मला माझा संताप येतो. सर म्हणाले, असू दे, आणि हवा गेलेली सायकल ढकलत चालायला लागले.

दुसऱ्या दिवशी यादी टेबलावर गेली. सह्या झाल्या. मॅनेजरनी सरांना, कुलूप कोणी तोडलं, असं लेखी विचारलं. सरांनी लेखी कळवलं की कुलूप किल्लीनं उघडलं.

त्या दिवसापासून मी तात्यांशी बोलणं टाकलं. बिडकीनला जायचो तो आईवडिलांना भेटून मागच्या मागं परत. तात्या समोर दिसले तर मान खाली. मला वाटायचं, मी सरांची बाजू घेतोय, केवढा बाणेदार. सर दर सोमवारी खनपटीला बसायचे, चुलत्याकडं गेला होतास का? मी नाही म्हणायचो. ते म्हणायचे, म्हणजे लांबूनच बंद केलंस तर. मला राग यायचा. उन्हात तुम्हाला बसवलं आणि तुम्हीच मला जा म्हणता, असं एकदा मी फटकन बोलूनही गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या सोमवारी पुन्हा विचारलं.

आता मी स्वतः निवृत्तीला आलोय. घरच्या सोफ्यावर बसून मोबाइलवरून शे-दोनशे मशीनी एका बोटात बंद करू शकतो. हाताखालची पोरं करतातही. मी फोन लावून विचारत बसतो, आणि मागून हसण्याचा आवाज येतो. मी त्यांना दार लावायला सांगतो.

तर त्या बंदानंतरच्या जानेवारीत विद्यापीठाचं नामांतर झालं. शहरात निळे झेंडे, ढोल, गेटवर माणसांचा पूर. सरांच्या घरचे सगळे तिकडं गेले. थंडी होती, सगळ्यांच्या अंगात स्वेटर होते, त्यामुळं सर आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांसारखे दिसत होते. पुढच्या रविवारी सकाळी ते सायकल घेऊन माझ्या खोलीवर हजर. म्हणाले, चल बिडकीनला, माझा व्हॉल्व राहिलाय तिथं. मी कपाळाला हात लावला. अहो सर, चाराठ आण्यांची वस्तू, आणि सायकलला दुसरा बसवून किती दिवस झाले. आणि गावात आत्ताच सगळ्यांची डोकी तापलेली. ते म्हणाले, तुला यायचं नसेल तर पत्ता दे.

गेलो. तात्या अंगणात बाजेवर लोकर निवडत बसले होते. आम्हाला बघून त्यांचा हात थांबला. दारात काकू येऊन उभी राहिली. सरांनी सायकल भिंतीला लावली, नाव सांगितलं, वडिलांचं, आडनाव, गाव, तालुका. मग म्हणाले, माझ्या पुढच्या चाकाचा व्हॉल्व तुमच्याकडं राहिलाय, तो न्यायला आलो.

तात्या उठले. भिंतीला त्यांची स्वतःची सायकल होती. तिच्यापुढं उकिडवे बसले, पुढच्या चाकाचा व्हॉल्व फिरवून काढला. सगळी हवा गेली. धोतराच्या सोग्याला तो पुसला आणि सरांच्या हातावर ठेवला. सरांनी उजेडात धरून बघितला आणि स्वेटरच्या खिशात टाकला, किल्ली ठेवायचे त्याच खिशात.

मी म्हणालो, तात्या, हे माझे साहेब आहेत.

"ते मला आज कळलं व्हय?" तात्या म्हणाले. "त्यांनी तुला किल्ली दिली तवाच कळलं. मी तुझ्या तोंडाकडं बघत हुतो. तू एक शब्द बोलला असतास तर मी त्यांना उठवलं असतं. माझ्या पोराचा साहेब म्हणून उठवलं असतं, मग कोण काय का म्हणंना. तू का नाय बोलला?"

इतके दिवस मी तात्यांना शिक्षा करत होतो, आणि ज्याच्यासाठी करत होतो तो माणूस मला दर सोमवारी इकडं पाठवायला बघत होता. मी मान खाली घातली. डोळ्यांतलं पाणी मातीत पडलं ते सगळ्यांनी बघितलं.

सर बाजेच्या कडेला बसले. तात्यांना म्हणाले,

"जुनं मशीन आहे. वेळ लागतो."

तात्यांना कोणतं मशीन ते कळलं नसणार, पण ते बाजेवर येऊन बसले, सरकले आणि त्यांनी मला जागा करून दिली. काकू आत गेली. थोड्या वेळानं चहा घेऊन आली. एकाच ताटात तीन कप होते, एकसारखे, आणि ताट तिनं आधी सरांपुढं धरलं.